सोन्या-लोखंडाचं पाणी

८ फेब्रुवारी

बारक्या,

बाबांच्या यकृतात गाठ आहे. आडवळणाने सांगायला गेले आणि नुसतेच कागद फाटले, म्हणून आता सरळच लिहिते. गाठ पसरली आहे, कापून काढता येण्यासारखी राहिलेली नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, अजून किती? त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "वर्षअखेरचे बेत आखू नका." बाबा शेजारीच बसले होते. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "बाई चोख आहे. शेवटचा थांबा जवळ आला म्हणाली, पण तिकीट पूर्ण फाडलं." बसच्या स्टिअरिंगमागे जन्म काढलेल्या माणसाला दुसरा विनोद कुठून सुचणार! मी हसले नाही, तर त्याचाही राग आला त्यांना.

फोन तू उचलत नाहीस. तुझा परदेशातला पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिच्या दारातून हललेच नाही.

तुझं नाव या घरात कुणी काढत नाही, हे मी तुला वेगळं सांगायला नको. डेपोतली नोकरी सोडलीस, आपल्याहून वयाने मोठ्या, एकदा संसार मोडलेल्या बाईशी लग्न ठरवलंस, आणि बाबांनी तुझ्याशी अबोला धरला. एका घरात, एका टेबलाशी. तू शेजारी बसलेला असायचास आणि ते आईला म्हणायचे, "त्याला सांग, मीठ सरकव." तू शेवटी सामान बांधलंस तेव्हा आम्ही रडलो, पण कुणाला नवल वाटलं नाही.

ये असं मी म्हणत नाही. कळवायला हवं म्हणून कळवलं.

ताई


२ मार्च

बारक्या,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच, कोंबड्याच्या पायांचं. पाकिटावरूनच ओळखलं आणि उघडण्याआधी जरा वेळ टेबलावर ठेवून दिलं.

आत आमच्या लॅबच्या बातमीचं कात्रण, तेही मावशीनेच धाडलेलं असणार. मला वाटलं, तू काहीतरी मनातलं लिहिलं असशील. तू फक्त विचारलंस, "फोटोत मागे चष्मा लावून उभी आहेस ती तूच ना? मग अडलंय कुठे?"

हो, मीच आहे. पण तो मथळा कुणी दिला ते देव जाणे. 'सोन्याच्या कणांनी कर्करोग गारद.' आमच्या सरांनी दुसऱ्या दिवशी संपादकांना फोन करून आरडाओरडा केला. मी खरंच काय करते ते तुला सांगते, मग तूच ठरव अडलंय कुठे.

काचेचं एक छोटं भांडं असतं. त्याच्या तळाशी एक चकती, शर्टाच्या बटणाएवढी. सोन्याची पूड आणि लोखंडाची पूड एकत्र दाबून केलेली. वर बोटभर स्पिरिट. त्यावर लेसरचे ठोके पाडायचे. जिथे ठोका बसतो तिथल्या धातूची क्षणात वाफ होते, आणि भोवतीच्या गार स्पिरिटमध्ये तिथल्या तिथे गोठते. गोठताना जे कण होतात ते इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. दिसतो तो फक्त रंग. नुसत्या सोन्याची चकती असली की द्रव लाल होत जातो. लोखंड मिसळलं की तपकिरी, कोऱ्या चहासारखा. चकती सारखी फिरवत ठेवावी लागते, नाहीतर एकाच जागी खड्डा पडतो. माझा अर्धा दिवस ती फिरते आहे ना हे बघण्यात जातो. मग त्या कणांवर एक लेप चढवायचा, म्हणजे ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, धुवायचं, पाण्यात घालायचं, बाटली भरायची.

ती बाटली जाते उंदरांकडे. त्यांच्या कातडीखाली गाठ वाढवलेली असते. शेपटीच्या शिरेतून कण सोडतात, गाठीवर डोळ्याला न दिसणारा उजेड पाडतात, कण तापतात आणि गाठ आतून भाजते. भाजावी अशी आशा आहे. आधीच्या खेपेचे निम्मे उंदीर गाठ भाजण्याआधीच मेले. लेप नीट चढला नव्हता, कणांच्या गुठळ्या होऊन फुप्फुसात अडकल्या. आता नवा लेप आहे, नवे उंदीर आहेत. निकाल यायला काही महिने लागतील.

हे असं अडलंय. शिवाय शिरेत सोडलेले कण सगळ्यात आधी जातात कुठे, तर यकृतात. बाबांचं तेच तर सडलंय.

येणार आहेस का, ते लिहायचं राहिलंच तुझ्या पत्रात.

ताई


१९ मार्च

बारक्या,

तू परस्पर आईला फोन केलास. केलास ते बरंच केलंस, फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ पदराने तो पुसत बसली होती. पण कात्रणाचं तिच्या डोक्यात भरवायला नको होतं. आता ती मला रोज जेवताना विचारते, "आज झालं का गं तयार?" मी सांगते, आई, ते औषध नाही. ती म्हणते, "नसेल. पण होईल ना?" बुडत्याला काडीचा आधार, तसं तिचं झालंय. त्या काडीला मी दिवसातून दोनदा लाथ मारते.

बाबांना मात्र वेगळीच ओढ लागली. "तू जाऊन करतेस काय दिवसभर, ते एकदा बघायचंय" म्हणाले. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. सरांची परवानगी काढली आणि परवा त्यांना घेऊन गेले. जिना चढताना दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा भिंतीवरची सूचना वाचतोय असं दाखवलं. मी पण वाचली.

लेसरच्या खोलीत जाताना चष्मा लावावा लागतो, नाहीतर चुकून परतलेल्या किरणानेही डोळा जातो. तो जाडा हिरवा चष्मा लावून ते म्हणाले, "मोतीबिंदू काढला तेव्हा असंच सोंग दिलं होतं." मग मी यंत्र सुरू केलं. टक टक टक टक असा कोरडा आवाज येतो, नखाने कुणी काच वाजवतंय तसा. चकतीच्या वर एक ठिणगी दिसते आणि तिच्यापासून धुरासारखं काहीतरी द्रवात पसरतं. बाबा नाक भांड्याला लागेल इतके वाकले. मी खांदा धरून मागे ओढलं तर म्हणाले, "अगं, चालू इंजिनात डोकं घालणारा माणूस मी. बघू दे."

मी त्यांना सांगितलं की सोनं आणि लोखंड एरवी एकमेकांत राहत नाहीत. वितळवून एकत्र केले तरी सावकाश गार होताना आपापले वेगळे होतात.

"म्हणजे मी आणि तो," बाबा म्हणाले.

तो म्हणजे तू. तू गेल्यापासून त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच.

"मग इथे कसे राहतात?" त्यांनी विचारलं.

"इथे एकदम तापतात आणि लगेच गार होतात. वेगळं व्हायला वेळच मिळत नाही."

ते चष्मा सावरत परत ठिणगीवर वाकले. मग म्हणाले, "तापवणारे आमच्याकडे पुष्कळ होते. गार करणारं कुणी नव्हतं."

आमच्याकडे उंदरांची देखभाल करणारी एक मुलगी आहे. उंदीरमामांची सगळी काळजी तीच घेते म्हणून तिला सगळे भाची म्हणतात. तिने बाबांना पिंजरे दाखवले. एक उंदीर तिच्या तळहातावर बसून मिशा पुसत होता. बाबांनी विचारलं, "याला माझंच दुखणं?" ती म्हणाली, "साधारण तसंच, काका." बाबा उंदराला म्हणाले, "काय मग, मामा, कसं काय?" आणि आम्ही तिघं हसलो. बऱ्याच दिवसांनी.

परत येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "माणसाला कधी देणार हे?"

"वर्षं जातील, बाबा. माझे केस पिकतील तोवर."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "पिकलेच आहेत की," म्हणाले.

ताई


११ एप्रिल

बारक्या,

पत्र लहान आहे, कामाची गडबड आहे. बाबांचं पोट फुगलंय, पाणी काढावं लागलं. डोळे हळदीसारखे पिवळे. जेवण जवळजवळ सुटलं आहे. आई भरवते.

घरात बाकी काही विशेष नाही. आईने तुला काही सांगितलं असेल तर ती थकली आहे, तिचं फार मनावर घेऊ नकोस.

येणार असशील तर आता ये. रजा, तिकीट, जे काय असेल ते बघ. तुझी बायको आली तरी चालेल. मी विमानतळावर येईन घ्यायला.

ताई


२७ एप्रिल

बारक्या,

तर बाबांनी तुला फोन केला.

मी त्या वेळी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. भिंतीतून त्यांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. आधी वाटलं आईशी बोलताहेत, मग आई माझ्यासमोरच येऊन उभी राहिली, तोंडावर हात धरून. "त्याच्याशी बोलतायत," एवढंच म्हणाली. आम्ही दोघी हातात चादर धरून तशाच उभ्या. काय बोलले ते मी तुला विचारणार नाही. ते तुझं आहे.

पण त्यातलं एक तू मला लिहून पाठवलंस. "बाबांनी बाटलीचं सगळं सांगितलं. हातात आणून दिलीस आणि परत घेऊन ओतून टाकलीस. लोकांसाठी सोन्याचं पाणी करतेस आणि बापाच्या अंगात एक थेंब जाऊ दिला नाहीस. नोकरीसाठी ना?"

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं की घरात काही विशेष नाही. ते खोटं होतं. आता खरं वाच. नोकरीचं काय ते मग म्हण.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईने माझ्यासमोर हात जोडले. स्वयंपाकघरात, ओल्या हातांनी. आपल्या आईने आपल्याला हात जोडलेले तू कधी पाहिलेस का? मी ते हात खाली केले, आणि ती परत जोडायला लागली. दुसऱ्या दिवशी नव्या लेपाची भरलेली एक बाटली मी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. सुई घेतली. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नोकरी गेली असती, आणि खरं सांगते, जिना उतरताना तो विचार मनात आलाही नाही. मी एवढाच हिशेब करत होते की उंदराच्या वजनाला इतकं, तर बाबांच्या वजनाला किती.

दुपारी घरी आले. आई औषधं आणायला गेली होती. बाबा खिडकीपाशी खुर्चीत. पिशवीतून बाटली काढायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "आणलंस?"

मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडासमोर धरली, जरा हलवली. "चहाच की गं हा," म्हणाले. खूष होते. मग विचारलं, "याने मी वाचेन?"

"माहीत नाही, बाबा. उजेड इतका आत पोचणारच नाही. नुसते कण काय करतील, ठाऊक नाही."

"मरेन?"

"तेही माहीत नाही. मागचे उंदीर मेले होते."

"वाघ म्हटलं तरी खाणार, वाघोबा म्हटलं तरी खाणार," ते म्हणाले. "दे."

आणि त्यांनी शर्टाची बाही वर केली.

बारक्या, मी तो दंड पाहिला. आपण दोघं एकेका हाताला लोंबकळायचो आणि ते आपल्याला घेऊन अख्खी गल्ली चालायचे, तो हात. काठी झाली होती. शीर मात्र वर आलेली, ठळक, एकदम सोपी. त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि डोळे मिटले, लहान मूल लस टोचून घेताना मिटतं तसे. मी सुई भरली होती. सुई हातात होती. मला भाचीच्या टेबलावरचे ते उंदीर दिसले, गुठळ्या झालेले. कसे मेले ते मी पाहिलंय. श्वास लागतो, पाठीची कमान होते, फार वेळ चालतं ते. बाबा गाठीने जाणार होते हे मला माहीत होतं. पण ते माझ्या हाताने, असे, या खुर्चीत जातील आणि मी समोर सुई घेऊन उभी असेन, हे मला जमेना.

"बाबा, नको," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. "का?"

"तुम्ही माझे बाबा आहात. उंदीर नाही."

मग अगदी हळू म्हणाले, "उंदराला तरी संधी देतेस तू."

मी सुई आणि बाटली घेतली आणि दोन्ही बेसिनमध्ये रिकामी केली. घरात ठेवली असती तर आईने काहीतरी केलं असतं, किंवा संध्याकाळपर्यंत मीच. नळ सोडला तरी पांढऱ्या बेसिनवर तपकिरी रेघ राहिली, ती मी घासून काढली. बाबांना खुर्चीतून ते सगळं दिसत होतं. त्यांनी बाही खाली केली. कफाचं बटण एका हाताने लागेना. मी लावायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. "तिला सांग, पंखा कमी कर," असं आईला सांगतात. मी पंख्याखालीच उभी असते. आता मला कळतं तू त्या घरात कसा राहिलास. तुझा अबोला वर्षानुवर्षं चालला, माझा तेवढा चालणार नाही.

तुझ्याशी बोलले, त्याने मला बरं वाटलं. यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

ताई


१६ मे

बारक्या,

आईने तुला फोनवर सांगितलंच आहे, तरी लिहिते. परवा सकाळी बाबा गेले.

शेवटचे दोन दिवस शुद्ध येऊन जाऊन होती. पाणी गिळता येत नव्हतं, म्हणून आई कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायची. सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा मी बोळा भिजवला आणि त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. ओळखलं याची मला खात्री आहे. कारण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी हात तसाच ठेवला. बोळ्यातलं पाणी हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळलं आणि मी ते पुसलं. आई आली, तिने बोळा घेतला, आणि ओठ उघडले.

थोड्या वेळाने श्वास थांबला. आईला वाटलं झोप लागली.

पुढचं सगळं मी केलं. कोण करणार होतं? डेपोतली माणसं आली होती, एका म्हाताऱ्या कंडक्टरने मला विचारलं, "धाकटा नाही आला?" मी म्हटलं, तिकीट मिळालं नाही. आईलाही तू तेच सांगितलंस ना? बरं केलंस. तेच चालू दे.

मी रागावलेली नाही. तुझ्या जागी मी असते तर आले असते की नाही, सांगता येत नाही. त्यांनी तुझ्याशी बोलून घेतलं होतं. इथून तू घेऊन जावंस असं काही उरलं नव्हतं.

ताई


२१ जून

बारक्या,

आईचं विमान शनिवारी. कागदपत्रं झाली. व्हीलचेअर सांगून ठेवली आहे, तिला चालता येतं, पण मोठ्या विमानतळावर गोंधळेल. तिच्या गोळ्यांचा डबा हातातल्या पिशवीत आहे, सकाळचं आणि रात्रीचं वेगळं करून ठेवलंय. गुडघ्याचं तेल सामानात. फार तिखट देऊ नकोस, मागेल ती.

जायचं तिने स्वतःच ठरवलं. मी तिला घरातून काढलं असं मावशी म्हणेल, ते खरं नाही. एका सकाळी चहा पिताना म्हणाली, "मी बारक्याकडे जाऊन राहू का काही दिवस?" काही दिवस म्हणजे किती, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. सगळ्या चांगल्या साड्या भरल्या आहेत.

ती मला कधीच काही बोलली नाही, बारक्या. एक शब्द नाही. स्वयंपाक करते, डबा देते, "संभाळून जा गं" म्हणते. पण मी खोलीत आले की हातातलं काम पटकन संपवून दुसऱ्या खोलीत जाते. एकदा मी तिला थेट विचारलं, "आई, तुला वाटतं का मी चुकले?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तू शिकलेली." आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

तुझ्या बायकोला सांग, आई पहिले चार दिवस गप्प राहील. तिला माणसाची सवय व्हायला वेळ लागतो. मनात काही नसतं तिच्या. तुझी बायको धीराची आहे असं मावशी म्हणते. मला तिला नीट भेटताच आलं नाही.

मी इथेच आहे. घर मोठं वाटेल, पण दिवसभर मी लॅबमध्येच असते.

ताई


९ ऑगस्ट

बारक्या,

आई तुझ्या बायकोबरोबर पोहायच्या तलावावर जाऊन बाकावर बसते, असं तू लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं. आपली आई आणि पोहायचा तलाव! तुझं पत्र मोठं होतं यावेळी, त्यात पहिल्यांदाच माझी चौकशी होती. म्हणूनच हे तुला लिहायचं ठरवलं, नाहीतर कदाचित लिहिलं नसतं.

उंदरांचा निकाल आला.

काल सकाळी मी लॅबमध्ये शिरले तर भाची जिन्यातच उभी. "ताई, मामा ठणठणीत आहेत!" नव्या लेपाचे कण दिलेले, उजेड दिलेले. बहुतेकांच्या गाठी गेल्या. काहींच्या उरल्या, त्या वाटाण्याएवढ्या. पिंजऱ्यात चाकावर पळत होते. सरांनी सगळ्यांना चहा पाजला, इतके खूष. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमच्या कणांनी केलं हे."

मग शेवटचं काम राहिलं होतं. बरे झालेल्या काही उंदरांना झोपेचं औषध देऊन मारावं लागतं. उघडून बघावं लागतं, कण कुठे जाऊन बसले, यकृताचं काय केलं. ते भाची करते, आणि मी कधी जात नाही. काल गेले. तिने विचारलं, "ताई, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, बघायचंय.

तिने यकृत चिमट्याने उचलून पांढऱ्या बशीत ठेवलं. गडद लाल, गुळगुळीत, एकही डाग नाही. कणांतलं लोखंड हळूहळू विरघळलं होतं आणि त्याबरोबर बाकीचंही शरीराने बाहेर टाकलं होतं. असं होईल असा अंदाज होता, पण खात्री कुणालाच नव्हती. "बघा ना, किती स्वच्छ," भाची म्हणाली. मी हो म्हटलं. मग मी हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

आता नीट ऐक. याने बाबा वाचले असते असं होत नाही. उंदराची गाठ कातडीखाली होती, बाबांची खोल. उजेड तिथे पोचलाच नसता. बाबांचं यकृत आधीच गेलेलं होतं, त्याने कण बाहेर टाकले असते की नाही, कुणी सांगू शकत नाही. पुन्हा तो दिवस आला तरी, जेवढं मला त्या दिवशी माहीत होतं तेवढ्यावर मी पुन्हा नाहीच म्हणेन. हे मी स्वतःला समजवायला लिहीत नाही, हे असंच आहे. सरांना विचार, कुणालाही विचार.

पण मी जे ओतलं ते त्याच नव्या लेपाचं होतं, बारक्या. याच घाण्यातली बाटली होती ती. ज्या गुठळ्यांच्या भीतीने मी हात मागे घेतला त्या यात होत नाहीत. बाबा त्या खुर्चीत तसे मेले नसते. बहुधा काहीच झालं नसतं. बाही खाली करून चहा मागितला असता, आणि पुढचे सगळे दिवस, होते तेवढे, माझ्याशी बोलले असते.

आईला निघताना विमानतळावर मी सांगितलं होतं की ते त्यांना दिलं असतं तर हाल होऊन गेले असते. तिने माझा हात दाबला होता. इतक्या दिवसांत तिने मला लावलेला तो पहिला हात. आता ते वाक्य खरं राहिलेलं नाही, आणि मी तिला फोनवर तसं सांगू शकत नाही. तू तिच्याजवळ आहेस. सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगितलंस तर मी तुला बोल लावणार नाही. नाही सांगितलंस तरी लपवलंस असं म्हणणार नाही.

लॅबमध्ये कुणाला यातलं काही माहीत नाही, आणि मावशीला कळून उपयोग नाही. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि यावरून मला वाट्टेल ते बोलायचा हक्क असलेला माणूस आता तू एकटाच उरला आहेस.

ताई